बाराखालची रेघ

अपूर्णांकाची रेघ किती लांब असावी, हा प्रश्न सहसा कुणाला पडत नाही. मला गेली पंचवीस वर्षं तो जवळजवळ रोज पडतो. रत्नागिरीत वरच्या आळीच्या तोंडाशी माझं डीटीपीचं छोटं दुकान आहे. पाटीवर लग्नपत्रिका, स्मरणिका, हँडबिलं असं सगळं ठळक लिहिलंय आणि सगळ्यांत खाली बारीक अक्षरांत ‘गणिताची जुळणी’. पत्रिका करणारे गावात पुष्कळ आहेत. खालच्या बारीक ओळीतलं काम करणारी मी एकटीच उरले आहे.

काम समजावून सांगते, म्हणजे पुढचं कळेल. साध्या मजकुराच्या ओळी एकाखाली एक येतात आणि आपापल्या जागी गप्प बसतात. गणिताचं तसं नसतं. साधा अपूर्णांक घेतला तरी वर अंश, मधे रेघ, खाली छेद, म्हणजे एका ओळीच्या जागेत दोन ओळी झाल्या. आता त्या छेदातच दुसरा अपूर्णांक असेल तर आणखी एक मजला खाली जातो. त्याच्या छेदात तिसरा असला तर आणखी एक. आम्ही त्यांना दुमजली, तिमजली म्हणतो. हे मजले रचताना आकड्यांचं फारसं काही नसतं, आकडे कुणीही टाइप करील. सगळा प्रश्न रेघांचा असतो. मुख्य रेघ सर्वांत लांब पाहिजे, आतली तिच्याहून आखूड, तिच्या आतली आणखी आखूड. बरोबरची खूण असेल तर ती मुख्य रेघेच्याच पातळीवर हवी, केसभरही वर-खाली नको. वाचणारा नकळत रेघ बघूनच ठरवतो की कशाला कशानं भागायचं.

हे मला मयेकरकाकांनी शिकवलं. मी ज्या छापखान्यात कॉम्प्युटरवर बसायला लागले, तिथे ते खिळे जुळवायचे. शिशाची एकेक अक्षरं उचलून ओळ रचायची, आणि अपूर्णांकाच्या रेघेसाठी पितळेची पट्टी मापानं कापायची. एक रेघ म्हणजे दहा मिनिटं. मी माऊसनं एका क्षणात रेघ ओढायची तेव्हा ते मागे उभे राहून बघायचे.

“लवकर झाली म्हणजे बरोबर झाली असं नाय हां,” ते म्हणायचे. “ही मोठी रेघ घराचं आढं. आढं आखूड पडलं तर वरचं छप्पर कशावर ठेवशील?”

दुसरं एक ते रोज सांगायचे. प्रूफ म्हणजे छापण्याआधी तपासायला दिलेला कागद. लेखकानं तो तपासून, ‘पास’ लिहून सही केली की त्यातल्या एका काडीलाही हात लावायचा नाही. तुला चूक दिसली तरी नाही. आधी त्याच्याकडे जायचं, दाखवायचं, नवी सही घ्यायची. त्यामुळे पास झालेली सगळी प्रुफं जपून ठेवायची सवय मला लागली. दुकानात पत्र्याची एक पेटी आहे, तिच्यात ती सालवार बांधून ठेवलेली आहेत.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची येतात. मुलीच्या लग्नाची पत्रिका करायला आलेले एक बागायतदार माझ्या स्क्रीनवरचा चार मजली अपूर्णांक बराच वेळ निरखून म्हणाले, “ही पत्रिका कोणाची? मंगळ दिसतो कडक.” एक क्लासवाले दरवेळी म्हणायचे, “मॅडम, हे वर-खाली कशाला करता? तिरकी रेघ मारा आणि एका ओळीत घ्या, पानं वाचतील.” मी त्यांना एकदा वहीत लिहून दाखवलं की तिरक्या रेघेनं त्यांच्याच सूत्राची तीन उत्तरं कशी येतात. ते म्हणाले, “मुलांना कुठे कळतंय!” त्यानंतर मी त्यांचं काम घेतलं नाही. कुणाला तो माझा ताठा वाटला. असेल.

ताठा होता म्हणून तर पुढचं लिहायला हवं.

पाध्ये सर आमच्याकडचे गणिताचे शिक्षक. निवृत्त होऊनही जिल्ह्यातल्या शिक्षकांच्या एका मंडळासाठी ते दरवर्षी सातवीच्या मुलांची गणिताची प्रश्नपत्रिका काढायचे. त्या परीक्षेतून वीस मुलं निवडली जात आणि त्यांना मे महिन्यात दहा दिवस रत्नागिरीत शिबिराला बोलावत. मंडणगडपासून राजापूरपर्यंतची मुलं परीक्षेला बसायची. ज्या शाळेत चौथी आणि सातवी एकाच खोलीत बसतात, तिथल्या मुलांना ते शिबिर म्हणजे मोठीच गोष्ट होती.

प्रश्नपत्रिकेची जुळणी माझ्याकडे असायची. सरांचं हस्तलिखित बघण्यासारखं असे. रेघा ते पट्टीनं मारायचे. प्रूफ घेऊन मी त्यांच्या घरी गेले की भिंग लावून एकेक प्रश्न तपासायचे, आणि शेवटी खाली सही करून म्हणायचे, “पास. आता तू आणि तुझा देव.”

नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. प्रूफ पास झालं, आणि दुसऱ्या दिवशी मंडळातून फोन आला की पत्रिका सहा पानांची आहे ती चार पानांत बसवा. मी मजकूर दोन रकान्यांत घेतला. रकाना अरुंद झाल्यामुळे काही अपूर्णांकांच्या रेघा मधल्या उभ्या रेघेला जाऊन टेकायला लागल्या. पान गचाळ दिसत होतं. मी पानावरच्या सगळ्या रेघा एकदम निवडल्या आणि त्यांना एकच माप दिलं. पान सुबक झालं. अगदी नजर ठरेल असं.

मजकुराच्या कामात एकसारखेपणा हा गुण असतो. ओळी सारख्या, समास सारखे, मधल्या जागा सारख्या. माझा हात त्याच सवयीनं चालला. मजल्यांच्या कामात तोच गुण दोष ठरतो, हे मला काय माहीत नव्हतं? चांगलं माहीत होतं. पण त्या पानावरच्या बाकीच्या उदाहरणांत आतले आकडे बारीक अक्षरांत होते, त्यामुळे रेघा सारख्या झाल्या तरी अर्थ बिघडला नाही. एकाच उदाहरणात तिन्ही आकडे सारख्याच मापाचे होते. वर बारा, खाली रेघ, मग सहा, खाली रेघ, मग दोन.

सरांनी बाराखालची रेघ लांब काढली होती. म्हणजे सहाला दोननं भागायचं, येतात तीन, आणि बाराला तीननं भागायचं. उत्तर चार. रेघा सारख्या झाल्यावर मात्र वाचणारा वरून खाली उतरत येतो. बाराला सहानं भागलं, दोन. दोनला दोननं भागलं, एक.

मी नवं प्रूफ सरांकडे नेलं नाही. मजकूर तोच आहे, फक्त मांडणी बदलली, त्यांना कशाला तसदी, असं मनाशी म्हटलं. पत्रिका छापून गेली.

शिबिर संपून महिना झाला असेल. मंडळाची बैठक होती आणि पुढच्या कामासाठी मलाही बोलावलं होतं. तिथे मंडणगडकडचे जाधव गुरुजी आले. पहाटेची एसटी पकडून आले होते. शर्टावर लाल धूळ होती. त्यांनी पिशवीतून प्रश्नपत्रिका काढली आणि टेबलावर उलगडून ठेवली.

“आमच्या शाळेची पोर आहे, दर्शना. दोन मार्कांनी राहिली,” ते म्हणाले. “निकाल आमच्याकडे पोचला तेव्हा शिबिर उरकलं होतं, त्याबद्दल माझं काय म्हणणं नाय. पण पोरगी रोज माझ्या मागे लागली, गुरुजी, हे माझं चुकलेलं नाय. मी पण सोडवून बघितलं. माझं पण एकच आलं. तुमच्या उत्तरात चार आहे. कुठनं आले चार, तेवढं सांगा. तिला जाऊन सांगायला पायजे.”

सरांनी कागद घेतला, डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला.

“गुरुजी, रेघा सारख्या आल्यात,” सर म्हणाले. “बाराखालची लांब हवी होती. प्रूफ मी तपासलंय. सही माझी आहे. माझ्या डोळ्यांतून निसटलं.”

मंडळाचे अध्यक्ष म्हणाले, “सर, होतं असं एखाद्या वेळी.”

“एखाद्या वेळी होतं तेव्हा एखाद्या पोराचं जातं,” सर म्हणाले. “पुढच्या वर्षापासून पत्रिका काढायचं काम दुसऱ्या कुणाकडे द्या.”

मी दाराजवळच्या खुर्चीवर होते. पास झालेलं प्रूफ सहा पानांचं होतं आणि छापलेली पत्रिका चार पानांची, हे कुणाच्या लक्षात आलं नाही, पुढेही नाही. खरं तर त्याच क्षणी बोलायला हवं होतं. ‘सर, तुम्ही पास केलेल्या प्रुफात रेघ लांब होती’ एवढं एकच वाक्य. ते मी का बोलले नाही, याची कारणं मी नंतर पुष्कळ गोळा केली. बैठकीत दहा शाळांची माणसं होती, त्यांची सगळ्यांची कामं माझ्याकडे यायची. मला खात्री नव्हती, आधी पेटी उघडून बघायला हवं होतं. ही कारणं खोटी नाहीत, पण खरं कारण साधं आहे. सरांनी दोष स्वतःवर घेतला होता, आणि मला काही बोलावंच लागलं नाही.

दुकानात येऊन पेटी उघडली. प्रूफ होतं. बाराखालची रेघ लांब, सहाखालची आखूड. तळाशी ‘पास’ आणि सरांची सही.

सरांनी त्या मुलीला स्वतःच्या हातानं पत्र लिहिलं. मंडळानं तो प्रश्न रद्द धरला आणि तिला प्रमाणपत्र पाठवलं. थोड्या दिवसांनी तिचं कार्ड आलं, ते सरांनी मला दाखवलं. लिहिलं होतं: ‘सर, तुमचं पत्र मिळालं. प्रमाणपत्र पण मिळालं. पण माझं उत्तर चूक होतं का बरोबर होतं ते पत्रात लिहिलेलं नाही.’

“काय उत्तर देऊ हिला?” सर म्हणाले. “प्रश्नच मोडलेला होता.” आणि ते कार्ड त्यांनी चष्म्याच्या घरात घडी घालून ठेवलं.

त्यानंतर सरांनी डोळ्यांचा धसका घेतला. डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानानं उत्तम आहेत. सरांना ते पटलं नाही. दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले, तेही तेच म्हणाले. अपूर्णांकांवर मुलांसाठी एक पुस्तक लिहायला त्यांनी घेतलं होतं, सहा प्रकरणं झाली होती, ते बासनात गेलं. “ज्याला स्वतःचं प्रूफ वाचता येत नाही त्यानं पुस्तक लिहू नये,” असं ते मला म्हणाले. मी खाली बघून चहा पीत होते.

दरवर्षी मला वाटायचं, यंदा सांगावं. दरवर्षी ते आदल्या वर्षीपेक्षा जड व्हायचं. माणूस चूक लपवतो ती एकदाच, असं लोकांना वाटतं. तसं नसतं, ती रोज नव्यानं लपवावी लागते.

गेल्या वर्षी सरांच्या डोळ्यांना खरोखरच मागच्या पडद्याचा आजार झाला. समोरचं दिसेना, कडेचं थोडं दिसतं. तेव्हा त्यांचा मला फोन आला. “नीता, पुस्तक पुरं करू या. आता खरंच दिसत नाही, तेव्हा चुकलं तर लोक आंधळा म्हणून सोडून देतील.”

मी रोज सकाळी दुकान उघडण्याआधी त्यांच्याकडे जायला लागले. जुनं हस्तलिखित बाजूला ठेवून मजकूर ते पहिल्या प्रकरणापासून तोंडानं सांगत, मी लॅपटॉपवर घ्यायची आणि वाचून दाखवायची. पण मजले वाचून कसे दाखवायचे? आकडे सरांच्या लक्षात राहायचे, रेघा राहायच्या नाहीत. चौथ्या दिवशी त्यांनी काकूंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, खराट्यातले माडाचे हीर काढून द्यायला सांगितले. त्यांचे तुकडे केले. एक वीतभर, एक चार बोटं, एक दोन बोटं. मी वाचायची, “वर एक, वीतभर रेघ. खाली दोन अधिक, आणि त्याच्यापुढे चार बोटं रेघ, तिच्यावर एक, तिच्याखाली तीन.” सर एकेक हीर टेबलावर मांडत जायचे. मग सगळ्यांवरून बोट फिरवायचे आणि म्हणायचे, “हां. उभं राहिलं.”

“माझा खराटा रोज बारीक होतोय,” काकू आतून म्हणायच्या. “अंगण झाडू कशानं, अपूर्णांकानं?”

इतकं नीट प्रूफ मी जन्मात वाचलेलं नाही. डोळे फसतात, पण बोटाला आखूड-लांब लगेच कळतं. पाच प्रकरणं अशीच पार पडली.

सहाव्या प्रकरणाच्या सुरुवातीला सर म्हणाले, “इथे बारा-सहा-दोनचं उदाहरण घे. आणि खाली टीप. लिही. ‘रेघेकडे दुर्लक्ष केल्याने काय होते, याचे हे उदाहरण आहे. प्रस्तुत लेखकाने एका परीक्षेत हीच चूक केली, प्रूफ तपासूनही त्याला ती दिसली नाही, आणि एका मुलीचे नुकसान झाले.’ घेतलंस?”

“घेतलं,” मी म्हटलं. बोटांनी ते टाइप केलं होतं.

“वाच.”

मी वाचलं. आवाज कुठे अडखळला नाही. कामाची सवय.

दुकानात गेले आणि ते वाक्य स्क्रीनवर बघत बसले. आतापर्यंत मी नुसती गप्प होते. आता खोटं छापून निघणार होतं, सरांच्या नावानं, त्यांच्याच पुस्तकात, आणि त्याची जुळणी माझ्या हातची असणार होती. सर ते कधी वाचू शकणार नव्हते. तीन दिवस मी त्यांच्याकडे गेले नाही, ताप आल्याचं कळवलं. चौथ्या दिवशी पेटीतून ते प्रूफ काढलं आणि सकाळी त्यांच्याकडे गेले.

सर टेबलाशी बसले होते, हीर मापानं लावून ठेवलेले. काकू बाजूला वाल सोलत होत्या.

“ताप उतरला?” सर म्हणाले.

“ताप नव्हता, सर. त्या टिपेबद्दल बोलायचंय. ती खरी नाही.”

“म्हणजे?”

“तुम्ही पास केलेल्या प्रुफात रेघ लांब होती. चार पानांत बसवताना सगळ्या रेघा मी सारख्या केल्या. तुम्हाला दाखवलं नाही. चूक माझी.”

काकूंचे हात थांबले. सरांनी मान माझ्याकडे वळवली.

“ते प्रूफ आहे?”

“आणलंय.”

“वाच.”

“वर बारा,” मी वाचलं. सरांनी वीतभर हीर उचलून आडवा ठेवला. “खाली सहा.” त्याखाली चार बोटांचा. “खाली दोन.”

त्यांनी बोट फिरवलं. “आणि सही?”

“तुमची. पास लिहिलंय.”

“आता छापलं होतं तसं वाच.”

“आकडे तेच. रेघा दोन्ही सारख्या.”

सरांनी वीतभर हीर उचलला, खालच्या हिराला लावून मापला आणि कडेला मोडला. काडी मोडल्याचा आवाज केवढासा, पण तो अजून माझ्या कानांत आहे. दोन्ही हीर सारखे मांडून त्यांनी वरून खाली, खालून वर, पुन्हा वरून खाली बोट नेलं.

“खरंच कळत नाही गो,” ते म्हणाले. “काहीच कळत नाही.”

“डॉक्टर सांगत होते मला, डोळे ठीक आहेत म्हणून,” ते म्हणाले. “मी त्यांना म्हटलं, तुम्हाला काय कळतंय. दिसत होतं तेव्हा एसटीची पाटीसुद्धा हिला वाचायला सांगायचो. दिसत होतं, तेव्हा.”

मी मोडलेला तुकडा उचलून बाजूला ठेवला.

काकू म्हणाल्या, “दर गणपतीला आमच्या पंगतीला बसून मोदक खाल्लेस तू. मी वाढलेत स्वतःच्या हातानं. तेव्हा नाही आठवलं?”

“दर वर्षी आठवायचं, काकू.”

“आणि तरी दुसरा मागून घ्यायचीस,” त्या म्हणाल्या आणि वालाचं ताट उचलून आत गेल्या.

सर म्हणाले, “त्या मुलीला सांगितलंस?”

“नाही.”

“मग चुकीच्या घरी आधी आलीस. माझं काय, माझी सहा प्रकरणं तशीच होती. तिचं शिबिर गेलं. तिला सांग. मग ये. पुस्तक राहिलंय.” आणि ते उठून भिंतीच्या आधारानं ओटीवर जाऊन बसले. रागावले का, हे मला तेव्हा कळलं नाही. आजही नक्की सांगता येत नाही. क्षमा केली असं ते कधी म्हणाले नाहीत, आणि मी विचारलेलं नाही.

जाधव गुरुजी आता निवृत्त होऊन गावीच असतात. त्यांचा नंबर मिळाला, त्यांच्याकडून दर्शनाचा. ती पनवेलला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला आहे. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत फोन केला. मी कोण, कशासाठी, हे सांगायला लागले.

“तो प्रश्न का?” ती मधेच म्हणाली. “बारा, सहा, दोन. उत्तर एक.”

“अजून लक्षात आहे?”

“नसायला काय झालं? सरांना कार्ड पाठवलं होतं मी. उत्तर नाही आलं.”

मी झालेलं सगळं सांगितलं. तिच्या मागे कसलं तरी मशीन चालू होतं.

“म्हणजे माझं बरोबर होतं,” शेवटी म्हणाली.

“छापलं होतं त्यावरून तुझं चूक म्हणता येणार नाही.”

“चूक नव्हतं म्हणजे बरोबरच ना?”

“सर गणिताचे आहेत गं. त्यांना विचारलं तर ते ‘चूक नव्हतं’ एवढंच म्हणतील.”

“बरं, तेवढं पण चालेल.” मग ती म्हणाली, “शिबिराला गेले असते तर काय झालं असतं ते मला माहीत नाही. काहीच झालं नसतं कदाचित. पण आमच्या वाडीत सगळे म्हणायचे, रत्नागिरीची पत्रिका चुकते होय? ही मोठी शहाणी! आजी पण म्हणायची. पुस्तक छापताय ना? मग त्यात छापा. माझं नाव पूर्ण घाला. गावाचं पण घाला.”

“माझंही घालते,” मी म्हटलं.

“ते तुमचं तुम्ही बघा,” ती म्हणाली. तिची सुट्टी संपली होती.

दुसऱ्या दिवशी सरांकडे गेले. काकूंनी दार उघडलं, बोलल्या नाहीत, पण चहा आणून ठेवला. सरांनी जुनी टीप पुसायला सांगितली आणि नवी सांगितली. त्याच पानावर बारा-सहा-दोन तीनदा छापायचं. पहिल्यांदा बाराखालची रेघ लांब, उत्तर चार. दुसऱ्यांदा सहाखालची रेघ लांब, उत्तर एक. तिसऱ्यांदा दोन्ही सारख्या आणि उत्तराच्या जागी काहीच नाही, जागा कोरी. त्याखाली टीप: एका परीक्षेत तिसरी मांडणी छापली गेली, मंडणगड तालुक्यातल्या या गावच्या, या नावाच्या विद्यार्थिनीने त्या मांडणीचे उत्तर एक दिले, ते चूक नव्हते.

“आणि चूक कुणाची ते?” मी विचारलं.

“ते मी सांगणार नाही. जुळणी तुझी आहे.”

मी एक ओळ वाढवली. ‘तपासलेले प्रूफ बरोबर होते. रेघा जुळणी करणाऱ्या नीता सुर्वे यांनी नंतर बदलल्या.’ वाचून दाखवली. सर म्हणाले, “यांनी कशाला? हिने म्हण. नाहीतर कुणीतरी सत्कार करील.” नऊ वर्षांत त्यांनी माझी अशी थट्टा केली नव्हती. मी ‘हिने’ केलं.

मग पान छापून आणलं आणि तिन्ही मांडण्या वाचल्या. सरांनी तिन्ही वेळा हीर लावले, बोट फिरवलं. तिसऱ्या वेळी बोट जरा जास्त थांबलं.

“पास,” ते म्हणाले. “सही कुठे करू?”

त्यांना जागा दिसणार नव्हती. मी वीतभर लांबीचा एक नवा हीर घेतला आणि पानाच्या तळाशी आडवा धरला. सरांनी त्याच्या कडेला पेन टेकवलं आणि हिरावरून सरळ सही केली. गेल्या नऊ वर्षांत मी पाहिलेली त्यांची ती पहिलीच सही, थोडी थरथरलेली, पण ओळीत.

त्या संध्याकाळी छापखान्यातून फोन आला. त्या पानाच्या तळाशी दोन ओळींची जागा मोकळी राहतेय, मधलं अंतर थोडं वाढवून सारखं करून देता का, पान सुबक दिसेल.

मी म्हटलं, पान पास झालंय. आहे तसंच छापा.